दोन डावांमधील दीड मिनिट : मायनर लीग बेसबॉलमधील प्रेक्षकखेळ आणि त्यांचा सूत्रसंचालक

अमेरिकेतील लहान-मध्यम शहरांत वसंत ऋतूच्या आरंभापासून सप्टेंबरपर्यंत मायनर लीग बेसबॉलचे सामने रंगतात. या सामन्यांत एक डाव संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या अल्प अवकाशात प्रेक्षकांपैकी काहींना मैदानावर बोलावून त्यांच्याकडून छोटे, बहुधा विनोदी खेळ खेळवून घेण्याची प्रथा आहे. कोणी बॅटीभोवती गरगर फिरून धावतो, एखादे लहान मूल संघाच्या शुभंकराशी शर्यत लावते, दोन मित्र फुगीर पोशाख चढवून एकमेकांना ढकलतात. हातात माइक घेऊन हे सारे घडवून आणणारी व्यक्ती म्हणजे मैदानावरील सूत्रसंचालक. वरवर पाहता हे काम गंमतीचे वाटते. प्रत्यक्षात त्यावर क्लबचे उत्पन्न, प्रायोजकाचे समाधान, सामन्याचे वेळापत्रक आणि मैदानावर आलेल्या अनोळखी माणसाची सुरक्षितता व प्रतिष्ठा अवलंबून असते. या प्रथेचा इतिहास, तिच्यामागील अर्थकारण आणि सूत्रसंचालकाच्या कामाचे स्वरूप यांचा हा आढावा.

खेळाच्या रचनेतील मोकळी जागा

बेसबॉलचा सामना साधारणतः नऊ डावांचा असतो. प्रत्येक डावाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात पाहुणा संघ फलंदाजी करतो, दुसऱ्या भागात यजमान संघ. फलंदाजी करणाऱ्या संघाचे तीन गडी बाद झाले की तो भाग संपतो आणि संघ जागा बदलतात. म्हणजे पूर्ण नऊ डावांच्या सामन्यात असे १८ भाग आणि त्यांच्यामध्ये १७ विश्रांती येतात. दर विश्रांती सव्वादोन मिनिटांच्या आसपास धरली, तरी एका सामन्यात अर्ध्या तासाहून अधिक काळ मैदानावर प्रत्यक्ष खेळ नसतो. क्रिकेट पाहणाऱ्याला आयपीएलमधील अडीच मिनिटांच्या ‘स्ट्रॅटेजिक टाइम-आउट’वरून याची कल्पना येईल. फरक इतकाच की बेसबॉलमध्ये असा विराम दर काही मिनिटांनी येतो.

दूरचित्रवाणीवर सामना पाहणाऱ्यासाठी ही वेळ जाहिरातींची असते. स्टेडियममध्ये बसलेल्या प्रेक्षकासाठी मात्र ती रिकामी असते. पिचर सरावाचे चेंडू टाकत असतो, क्षेत्ररक्षक आपसांत चेंडू फेकत असतात, एवढेच काय ते दृश्य. हा रिकामा वेळ भरण्याची गरज हेच या प्रेक्षकखेळांचे मूळ कारण.

मालकाच्या हाती नसलेला संघ

मायनर लीगमध्येच ही प्रथा इतकी का फोफावली, हे समजण्यासाठी तेथील व्यवस्था पाहावी लागते. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. २०२१ च्या पुनर्रचनेनंतर त्या प्रत्येकाशी चार मायनर लीग क्लब संलग्न आहेत. ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए अशी चढती-उतरती पायऱ्यांची ही रचना असून तीत एकूण १२० क्लब येतात. या क्लबांतील खेळाडू आणि प्रशिक्षक यांची निवड मेजर लीगचा मूळ क्लब करतो आणि त्यांचे वेतनही तोच देतो.

याचा परिणाम असा की स्थानिक क्लबच्या मालकाच्या हाती स्वतःचा संघच नसतो. उत्तम खेळणाऱ्या तरुणाला मूळ क्लब हंगामाच्या मध्येच वरच्या पायरीवर बोलावून घेतो आणि स्थानिक प्रेक्षकांचा लाडका खेळाडू एका रात्रीत दिसेनासा होतो. संघ जिंकण्यापेक्षा खेळाडू घडवणे हे मूळ क्लबचे उद्दिष्ट असल्याने विजयाची हमीही मालकाला देता येत नाही. मग त्याने तिकीट विकायचे ते कशाच्या बळावर? मोकळी हवा, परवडणारे दर, खाद्यपदार्थ आणि करमणूक, एवढ्याच गोष्टी त्याच्या नियंत्रणात राहतात. पायरीनुसार वर्षाकाठी घरच्या मैदानावर साधारण ६६ ते ७५ सामने होतात. त्यांपैकी प्रत्येक संध्याकाळी कुटुंबाने घर सोडून मैदानावर यावे, असे काहीतरी त्याला घडवावेच लागते.

प्रेक्षकखेळ आणखी एका दृष्टीने उपयोगी ठरतात. प्रत्येक खेळाला स्थानिक प्रायोजक मिळतो. गावातला पिझ्झेवाला, दंतवैद्य, मोटारविक्रेता, पतसंस्था असे कोणीही दोन डावांमधील एक जागा हंगामभरासाठी विकत घेतात. त्यामुळे सूत्रसंचालक ज्या दीड मिनिटात हशा पिकवतो, ते दीड मिनिट आधीच विकलेले असते.

विदूषकापासून प्रेक्षकापर्यंत

बेसबॉलच्या मैदानावर करमणूक करणारी पहिली पिढी व्यावसायिक विदूषकांची होती. त्यांत मॅक्स पॅटकिन यांचे नाव अग्रभागी येते. दुखापतीमुळे पिचरची कारकीर्द संपल्यावर त्यांनी मोठ्या आकाराचा गणवेश, पाठीवर आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह आणि रबरासारखा वळणारा चेहरा यांच्या जोरावर चार दशकांहून अधिक काळ मायनर लीगची गावे पालथी घातली. १९८८ च्या ‘बुल डरहॅम’ या चित्रपटात ते स्वतःच्याच रूपात दिसले. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रेक्षकाला कार्यक्रमाच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय बहुतांशी बिल व्हीक यांना दिले जाते. १९४१ मध्ये त्यांनी मिलवॉकी येथील तत्कालीन मायनर लीग संघ हाती घेतला. प्रेक्षकांना बर्फाच्या लाद्या आणि जिवंत पक्षी-प्राणी बक्षीस देणे, युद्धकाळात रात्रपाळी करणाऱ्या कामगारांसाठी सकाळी सामने ठेवून त्यांना न्याहारी वाढणे, असे अनेक उपक्रम त्यांनी राबवले. पुढे मेजर लीगमध्ये सेंट लुइस ब्राउन्सचे मालक असताना, २४ ऑगस्ट १९५१ रोजी, त्यांनी काही प्रेक्षकांच्या हाती ‘होय’ आणि ‘नाही’ अशा पाट्या देऊन सामन्यातील डावपेचच ठरवायला लावले. त्या दिवशी ब्राउन्सचा संघ जिंकला.

याच सुमारास मायनर लीगवर संकट आले. १९४९ मध्ये देशभरात पन्नासहून अधिक लीग होत्या आणि वर्षभरातील प्रेक्षकसंख्या सुमारे चार कोटींवर पोहोचली होती. मग घरोघरी दूरचित्रवाणी आली. मेजर लीगचे सामने बैठकीच्या खोलीत दिसू लागल्यावर गावातल्या लाकडी बाकांवर जाऊन बसण्याचे कारण उरले नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी लीगची संख्या वीसच्याही खाली घसरली. जे क्लब टिकले त्यांनी एक धडा घेतला. दूरचित्रवाणी देऊ शकत नाही असे काहीतरी मैदानावर असले पाहिजे. ते म्हणजे प्रेक्षकाचा स्वतःचा सहभाग.

बिल व्हीक यांचे चिरंजीव माइक व्हीक यांच्या वाटचालीतून या प्रथेच्या दोन्ही बाजू दिसतात. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोत एकाच दिवशी ठेवलेल्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्को संगीताच्या तबकड्या स्फोटकांनी उडवण्याचा कार्यक्रम त्यांच्या पुढाकाराने झाला. स्फोटानंतर हजारो प्रेक्षक मैदानात घुसले, खेळपट्टी उद्ध्वस्त झाली आणि यजमान शिकागो व्हाइट सॉक्स संघाला दुसरा सामना न खेळताच गमवावा लागला. माइक व्हीक त्यानंतर दीर्घकाळ मेजर लीगपासून दूर राहिले. १९९३ मध्ये ते सेंट पॉल सेंट्स या स्वतंत्र लीगमधील क्लबच्या उभारणीत सहभागी झाले. पंचांना चेंडू पोहोचवणारे डुक्कर आणि डावांमधील अखंड गमतीजमती यांसाठी हा क्लब प्रसिद्धीस आला. २०२१ मध्ये तो मिनेसोटा ट्विन्स या मेजर लीग संघाचा ट्रिपल-ए क्लब झाला. गर्दी जमवणे आणि गर्दी सांभाळणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, हा या साऱ्या इतिहासाचा बोध म्हणावा लागेल.

खेळांचे प्रकार

आज प्रचलित असलेल्या प्रेक्षकखेळांचे ढोबळमानाने पाच गट करता येतात.

पहिला गट शर्यतींचा. यांत ‘डिझी बॅट’ हा लोकप्रिय प्रकार. स्पर्धक बॅट जमिनीवर उभी धरतो, तिच्या टोकाला कपाळ टेकवतो, ठरलेल्या संख्येइतक्या गिरक्या घेतो आणि मग धावत सुटतो. कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा गोंधळल्यामुळे त्याचे पाय भलतीकडेच जातात आणि प्रेक्षक हसतात. दुसरा गट मुलांचा. लहान मूल आणि शुभंकर तळांभोवती धावतात आणि शुभंकर काही ना काही कारणाने हरतो, हा अलिखित नियम सर्वत्र पाळला जातो. तिसरा गट नेमबाजीचा. यात चेंडू, रिंग किंवा तत्सम वस्तू ठरलेल्या जागी टाकायची असते. चौथा गट ज्ञानाचा आणि ओळखीचा. प्रश्नमंजूषा, गाणे ओळखणे, किंमत सांगणे हे त्यातले प्रकार. पाचव्या गटात एकाच वेळी सारे स्टेडियम सहभागी होते. टी-शर्टची तोफ, पडद्यावर नाचणारे प्रेक्षक दाखवणारा कॅमेरा आणि सातव्या डावाच्या मध्यावर सर्वांनी उभे राहून १९०८ मधील ‘टेक मी आउट टू द बॉल गेम’ हे गीत गाण्याचा प्रघात या गटात मोडतो.

कोणता खेळ कोणत्या डावानंतर ठेवायचा, यालाही तर्क असतो. लहान मुलांचे खेळ आरंभीच्या डावांत घेतात, कारण उशीर झाला की कुटुंबे घरी परततात. ज्या विश्रांतीत मैदान कर्मचारी माती सारखी करतात, तेव्हा मैदानाचा मधला भाग मोकळा नसतो. मग खेळ कडेला किंवा प्रेक्षकांच्या बाकांमध्येच घेतला जातो. शेवटच्या डावांत सामना अटीतटीचा असेल तर खेळ रद्दही करतात. प्रेक्षकांचे लक्ष आधीच मैदानावर खिळलेले असताना त्यात व्यत्यय आणणे हा सूत्रसंचालकाचा दोष ठरतो.

सूत्रसंचालकाचे काम

सूत्रसंचालक हा बहुधा हंगामी, अर्धवेळ कर्मचारी असतो. सामन्याचा अधिकृत निवेदक वरच्या कक्षात बसून खेळाडूंची नावे पुकारतो. सूत्रसंचालक त्याच्याहून वेगळा. तो खाली, प्रेक्षकांमध्ये वावरतो. त्याचा दिवस सामन्याच्या बराच आधी सुरू होतो. जाहिरात विभागाने तयार केलेला तक्ता त्याच्या हाती येतो. कोणत्या डावानंतर कोणता खेळ, प्रायोजक कोण, साहित्य कुठे ठेवले आहे, संगीत कोणते वाजेल, बक्षीस काय, हे सारे त्यात लिहिलेले असते.

दरवाजे उघडले की स्पर्धकांचा शोध सुरू होतो. खाद्यपदार्थांच्या रांगांत आणि बाकांच्या ओळींत फिरून उत्साही पण शांत डोक्याची माणसे हेरावी लागतात. स्वतःहून सर्वांत मोठ्याने ओरडणारा प्रेक्षक बहुतेक वेळा टाळावा, कारण स्टेडियममध्ये बिअर विकली जाते आणि मद्यपान केलेल्या माणसाला गिरक्या घ्यायला लावणे धोक्याचे असते. निवडलेल्या स्पर्धकाला खेळ समजावून सांगून त्याच्याकडून जोखीम मान्य असल्याच्या कागदावर सही घेतात. मूल असेल तर पालकांची सही लागते.

खरी कसोटी वेळेची. डावाचा भाग किती वेळ चालेल, हे कोणालाच सांगता येत नाही. तीन गडी चार-पाच चेंडूंतही बाद होऊ शकतात किंवा तोच भाग वीस मिनिटे लांबतो. एकाच चेंडूवर दोघे बाद होण्याचा प्रकार वारंवार घडत असल्याने ‘अजून दोन गडी बाकी आहेत’ अशा भरवशावर राहता येत नाही. म्हणून स्पर्धकांना त्या भागाच्या आरंभीच मैदानाच्या फाटकापाशी आणून उभे करतात. भाग लांबला तर कंटाळलेल्या सहा वर्षांच्या मुलाला रमवत ठेवणे हेही सूत्रसंचालकाचेच काम. ते कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नसते.

तिसरा गडी बाद झाला की घड्याळ सुरू होते. शेवटच्या अर्ध्या मिनिटात पुढचा फलंदाज पुकारला जाणार असतो आणि मैदान रिकामे लागते. त्यामुळे हाती राहते ते एक ते दीड मिनिट. एवढ्या वेळात स्पर्धकाचे नाव आणि गाव विचारायचे, नियम एका वाक्यात सांगायचे, खेळ घ्यायचा, विजेता जाहीर करायचा, प्रायोजकाचे नाव घ्यायचे आणि सर्वांना बाहेर काढायचे. अनुभवी सूत्रसंचालक माइक कधीही स्पर्धकाच्या हाती देत नाही. तो स्वतः धरून त्याच्यापुढे करतो. एकदा माइक हातातून गेला की भाषण, निरोप किंवा शिवी यांपैकी काहीही सबंध मैदानाला ऐकू जाऊ शकते. लहान मुलाशी बोलताना तो गुडघ्यावर बसतो आणि एका शब्दात उत्तर देता येईल असाच प्रश्न विचारतो.

ध्वनीची अडचण नवख्या माणसाला विशेष जाणवते. मध्य मैदानाच्या टोकाला ध्वनिक्षेपक असेल तर तो सुमारे १२० मीटर दूर असतो. हवेतून ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे आपलेच शब्द सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांश भागानंतर आपल्या कानी परत येतात. त्यांची वाट पाहू लागले की जीभ अडखळते. परतणाऱ्या आवाजाकडे कान बंद करून, छोटी वाक्ये बोलत पुढे जाणे हाच त्यावर उपाय.

जोखीम आणि कायदा

स्टेडियममध्ये उडालेला चेंडू लागून प्रेक्षक जखमी झाला तर क्लबला सहसा जबाबदार धरले जात नाही. चेंडू लागण्याचा धोका या खेळातच अंतर्भूत आहे आणि प्रेक्षकाने तो स्वीकारलेला असतो, असे अमेरिकी न्यायालये दीर्घकाळ मानत आली आहेत. प्रेक्षकखेळांना मात्र हे संरक्षण आपोआप मिळत नाही.

या संदर्भात कॅन्सस सिटी रॉयल्स या मेजर लीग क्लबचा खटला महत्त्वाचा आहे. २००९ मध्ये शुभंकराने प्रेक्षकांत फेकलेला हॉट डॉग एका प्रेक्षकाच्या डोळ्याला लागला आणि दृष्टिपटलाला इजा झाल्याची तक्रार त्याने केली. पहिल्या ज्यूरीने निकाल क्लबच्या बाजूने दिला. २०१४ मध्ये मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करताना स्पष्ट केले की हॉट डॉग फेकणे हा बेसबॉलचा अंगभूत भाग नाही. म्हणून त्याचा धोका प्रेक्षकाने गृहीत धरला होता असे म्हणता येत नाही. फेरसुनावणीत २०१५ मध्ये ज्यूरीने कोणालाही दोषी ठरवले नाही. तरीही तत्त्व कायम राहिले. करमणुकीतून होणारी इजा ही खेळातील इजा नव्हे. ती टाळण्यासाठी वाजवी काळजी घेणे करमणूक करणाऱ्याचे कर्तव्य आहे.

धोका खेळाडूंकडूनही संभवतो. ९ जुलै २००३ रोजी मिलवॉकी येथे मेजर लीगच्या सामन्यात सॉसेजच्या वेशातील धावपटूंची नेहमीची शर्यत चालू असताना पाहुण्या पिट्सबर्ग संघाच्या एका खेळाडूने थट्टेने बॅट मारली. पोशाखातली धावपटू खाली पडली आणि तिच्यामुळे आणखी एक जण कोसळला. इजा किरकोळ होती. खेळाडूला दंड झाला आणि तीन सामन्यांची बंदीही घातली गेली.

म्हणूनच सूत्रसंचालकाने पाळायचे काही नियम ठरून गेले आहेत. सराव करणाऱ्या पिचरच्या आणि क्षेत्ररक्षकांच्या चेंडूमार्गात स्पर्धक नेऊ नये. शर्यतीची शेवटची रेषा भिंतीपासून दूर आखावी. गिरक्या घेणाऱ्यासमोर मऊ गवत असावे आणि त्याला सावरण्यासाठी बाजूला कोणीतरी उभे असावे. पायात सपाता असलेल्या माणसाला धावायला लावू नये.

हसू कोणाचे?

शारीरिक इजेइतकाच दुसरा प्रश्न गंभीर आहे, तो मानहानीचा. हजारो लोकांसमोर उभा राहिलेला स्पर्धक काही काळ पूर्णपणे सूत्रसंचालकाच्या हाती असतो. त्याचे वजन, उच्चार, वय किंवा कपडे यांवर केलेली एक कोटी पटकन हशा मिळवून देते आणि ती संध्याकाळ त्या माणसासाठी कायमची कडू करते. प्रेक्षकांतील जोडप्यांवर रोखलेल्या ‘किस कॅम’ प्रकारावर अलीकडे होणारी टीका याच कारणाने आहे. कॅमेऱ्यापुढच्या व्यक्तीला नाही म्हणण्याची मोकळीक राहत नाही.

चांगला सूत्रसंचालक विनोदाचा रोख स्वतःकडे किंवा परिस्थितीकडे वळवतो. ऐनवेळी घाबरलेल्या मुलाला तो ओढून नेत नाही. ‘पुढच्या वेळी’ म्हणून बक्षीस हाती देतो आणि टाळ्या मिळवून परत पाठवतो. हरणाऱ्यालाही काहीतरी देण्याची पद्धत याच भावनेतून रूढ झाली आहे. मैदानावर खेळाडू जखमी होऊन पडला असेल तर संगीत थांबवणे आणि माइक खाली ठेवणे हेही त्याच्या विवेकात बसते.

बदलते चित्र

अलीकडच्या वर्षांत दोन बदलांनी या प्रथेवर परिणाम केला. २०२१ पूर्वी संलग्न मायनर लीग क्लबांची संख्या १६० होती. पुनर्रचनेत त्यांपैकी अनेकांचा मेजर लीगशी असलेला संबंध तुटला. त्यांतील काही क्लब स्वतंत्र किंवा महाविद्यालयीन खेळाडूंच्या उन्हाळी लीगमध्ये गेले. तेथे उद्याचा तारा पाहण्याचे आकर्षण कमी झाल्यामुळे करमणुकीवरची भिस्त वाढली. दुसरा बदल पिचरवर वेळेचे बंधन घालणाऱ्या घड्याळाचा. २०२२ मध्ये ते मायनर लीगमध्ये व्यापक प्रमाणावर लागू झाले आणि सामन्याची सरासरी लांबी सुमारे २५ मिनिटांनी घटली. पुढच्या वर्षी ते मेजर लीगमध्येही आले. खेळ वेगवान झाला, तसा सूत्रसंचालकाच्या चुकीला वाव उरला नाही.

याउलट जॉर्जिया राज्यातील सव्हाना बनानाज या संघाने मधली करमणूकच मुख्य केली. २०१६ मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंच्या उन्हाळी लीगमध्ये उतरलेल्या या संघाने २०२२ नंतर ती लीग सोडली आणि ‘बनाना बॉल’ या स्वतःच्या नियमांच्या खेळावर लक्ष केंद्रित केले. त्यात दोन तासांची कालमर्यादा आहे आणि उडालेला फाउल चेंडू प्रेक्षकाने झेलला तरी फलंदाज बाद होतो. येथे प्रेक्षक विश्रांतीतच नव्हे, तर प्रत्यक्ष खेळातही सहभागी होतो.

गोमंतकीय वाचकाला हे सारे फार परके वाटू नये. तियात्राच्या दोन पडद्यांमध्ये गायली जाणारी कांतारां मूळ कथानकाचा भाग नसतात. तरीही त्यांच्यासाठी म्हणून येणारा प्रेक्षकवर्ग मोठा आहे आणि तियात्राचे यश त्यांच्यावरही तोलले जाते. मायनर लीगच्या मैदानावरील प्रेक्षकखेळांचे स्थान काहीसे तसेच. सामन्याचा निकाल दुसऱ्या दिवशी फारसा कोणाला आठवत नाही. शुभंकराला शर्यतीत हरवणारे मूल मात्र ती संध्याकाळ विसरत नाही, आणि पुढच्या आठवड्यात आईवडिलांना घेऊन पुन्हा त्याच बाकावर येऊन बसते. लहान शहरातले मैदान हंगामामागून हंगाम तग धरून राहते, त्यात या परत येण्याचा वाटा मोठा आहे.